नुसत्या पाण्याचा वाफा

सात नंबरच्या कुपीत हिरवी छटा उतरायला चार मिनिटं लागली. कुपीतलं पाणी फिकट पिवळंच राहायला हवं होतं. तिने कुपी खिडकीच्या उजेडात धरली, मग पांढऱ्या कागदापुढे. छटा हटेना.

डोंगरमाथ्यावरच्या दलदलीत बारा वाफे आखलेले होते. तिथलं शेवाळ पावसातून येईल तेवढ्याच नत्रावर जगतं, आणि मेलं की पुरतं न कुजता खाली साचून काळं पीट होतं. सहा वाफ्यांना दर महिन्याला नत्र घातलेलं पाणी मिळे, सहांना नुसतं. जादा नत्राने दलदलीचं काय होतं, हे बावीस वर्षं मोजलं जात होतं. सात नंबर नुसत्या पाण्याचा. त्याच्या पाण्यात अमोनियम, म्हणजे नत्र, सापडून कुपी हिरवी व्हायचं कारणच नव्हतं.

बावीस वर्षं झारी एकाच माणसाच्या हातात होती. तिच्या वडिलांच्या.

गेल्या चार महिन्यांत तीनदा असा रंग आला होता आणि तीनदा तिने वहीत ‘पक्ष्याची विष्ठा, नमुना बाद’ असं लिहून तो पोटात घातला होता. आई गेल्यापासून बाबा गॅसवर दूध ठेवून विसरत, एकच गोष्ट दोनदा सांगत. वाफ्यांच्या खुंट्यांचे रंगही विसरत असणार. पण प्रयोग चालवणाऱ्या मोठ्या बाईंना सांगायचं म्हणजे बाबांना घरी बसवायचं, त्या रिकाम्या घरात. रोज सकाळी ती सांगायचं ठरवी आणि बाईंच्या दारावरून पुढे निघून जाई.

आज ती बाबांच्या मागून वर गेली. फळ्यांच्या वाटेवर ते पुढे, दोन्ही हातांत झाऱ्या.

“आज साहेबीण वर कशी? लॅबमध्ये उंदीर झाले की काय?”

“पाय मोकळे करायला आले.”

“तुझे पाय! जिना चढताना दारासारखे कुरकुरतात.”

ती हसली. बाबा एकेका वाफ्याशी थांबून स्वतःशीच म्हणत होते, “निळी खुंटी, नत्र. पांढरी, पाणी.” सहा वाफे झाले. एकही चूक नाही. तिच्या छातीवरचा दगड जरा हलला. पक्षीच असेल खरंच.

सातपाशी त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि दुसरी, नत्राची, उचलली.

“बाबा, खुंटी पांढरी आहे.”

“माहितीये. मीच रंगवलीये.”

“मग?”

ते गुडघ्यांवर बसले. झारीचं तोंड अगदी खाली नेऊन हळूहळू ओतू लागले.

“बावीस वर्षं याला नुसत्या पाण्यावर ठेवलंय आपण. शेजारच्याला सगळं मिळतं. हा बघत बसतो.”

“त्याला तेवढंच लागतं, बाबा. शेजारचं शेवाळ जास्तीनेच मेलं ना? तिथे आता नुसतं गवत आहे.”

“डॉक्टरही तसंच म्हणाले होते. नुसतं पाणी द्या, तेही चमच्याने. दुसरं काही दिलंत तर ठसका लागून जाईल.”

झारी थांबली.

“एकवीस दिवस. माझ्या ताटाकडे बघायची गं तुझी आई. आणि मी समोर बसून जेवायचो.”

दुधाच्या भांड्यावरून तिने चार महिने जो हिशेब बांधला होता, तो कुठेच बसत नव्हता. तीही गुडघ्यांवर बसली. सातच्या शेवाळावर चिकट साय धरली होती. मधले तुरे तपकिरी पडले होते. बोट लावताच एक तुरा सुटून हातात आला. बाबांनी तो पाहिला आणि मान दुसरीकडे वळवली.

तिने त्यांच्या गार बोटांतून झारी सोडवून घेतली. ती जवळजवळ रिकामी होती.

“बाबा,” ती म्हणाली, “यापुढे तुम्ही वर यायचं नाही.”