सरस न लावलेला पलंग

"फोन जरा वर धर, पोरी. मला त्याचं तोंड नीट दिसत नाही."

खालच्या मजल्यावरच्या सुतार उस्ता फिक्रींचे हात पॉलिशने माखलेले असतात, म्हणून त्यांच्या मुलाचा, वायलचा फोन आला की ते मला वरच्या मजल्यावरून हाक मारतात. मी लेकीला घेऊन खाली उतरते. आज ती त्यांच्या कारखान्यातल्या पलंगावर, गोधडीत झोपून गेली होती.

पलंग वायलच्या लग्नासाठीचा. उस्तांच्या घराण्यात पलंग बाप घडवतो आणि सांध्यांना सरस नवरामुलगा लावतो. वायल रोमानियात लाकडाच्या गिरणीत कामाला गेला, तेव्हापासून पलंग नुसत्या खुंट्यांवर उभा आहे. सांधे सैल होतात. रोज संध्याकाळी उस्ता ते लाकडी हातोडीने ठोकून बसवतात. वर मला ऐकू येतं. आमच्या गल्लीत आता दुसरी हातोडी वाजत नाही.

"बाबा, ओळखा बघू हे काय." पडद्यावर काहीतरी राखाडी, गुळगुळीत दिसत होतं.

"सिमेंटचा खांब. दुसरं काय?"

वायल हसत सुटला. "झानचं झाड आहे हो बाबा. तुमचा झान."

उस्ता पुढे झुकले. आयुष्यभर त्यांनी झानच कोरला, पण फळ्यांतला. आमच्या दुम्यात शहरात लाकूड जहाजातून येतं. साल अंगावर असलेला झान त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"केवढं रान रे हे."

"देशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा रानच आहे. स्वीडनमध्ये तर म्हणे तीनातले दोन हिस्से."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे माणसं, बाबा. इथे दिवस दिवस एक दिसत नाही."

"मग ये की."

वायलने फोन दुसऱ्या हातात घेतला. "मी इथल्याच एका मुलीशी लग्न करतोय. तिचं घर आहे, सामानासकट. तो पलंग... तुम्हीच सरस लावा आणि विकून टाका."

"बरं," उस्ता म्हणाले. "तिला माझा सलाम सांग. आणि कानाला काहीतरी बांध. लाल झालेत."

फोन बंद झाल्यावर त्यांनी स्टोव्ह पेटवून सरस तापत ठेवला. मी लेकीला उचलायला वाकले.

"झोपू दे तिला."

सरस पातळ झाला. त्यांनी कुंचला बुडवून उशाच्या सांध्यापाशी नेला. एक थेंब भुशात पडला. कुंचला परत भांड्यात गेला.

"सरस पुन्हा तापवता येतो," माझ्याकडे न बघता ते म्हणाले आणि त्यांनी स्टोव्ह विझवला.

मग हातोडी उचलली. लेकीकडे पाहिलं, हातोडीच्या तोंडाला फडकं गुंडाळलं, आणि सांधा हळूहळू ठोकून बसवू लागले.