तांब्यावरचा पेला

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे. नागपूरजवळच्या कुहीत सुमतीचे लग्न झाले, तेव्हा तिच्या मामाने मला आणि तांब्याला आहेरात दिले. दोघांच्याही अंगावर ‘देवाजी, कुही’ असे मामाचे नाव कोरलेले होते. तांब्यावर उपडा बसून मी भारी ऐट करायचो.

सुमतीचा नवरा विश्वनाथ फौजेत होता. बासष्टच्या युद्धाला निघताना त्याने मला उचलले. “तांब्या तुले, पेला मले. आलो का लावू पुन्हा जोडी,” तो हसून म्हणाला. बर्फाळ डोंगरावरच्या खंदकात तो माझ्यातूनच चहा प्यायचा. एका सकाळी तोफा धडाडल्या आणि खंदक ढासळला. विश्वनाथ पुन्हा उठला नाही. मी त्याच्या हाताशीच गाडला गेलो. घरी ‘बेपत्ता’ एवढेच कळले. सुमती कुंकू लावून वाट बघत राहिली.

अलीकडे हरवलेल्या जवानांना शोधणारी मंडळी तिथे आली. त्यांनी ब्रशने माती झाडत काही हाडे आणि मला वर काढले. नाव वाचून त्यांना वाटले, हा जवान देवाजी! ते मला घेऊन कुहीत देवाजीच्या घरी गेले. “आमच्यात कोनी फौजेत नव्हतं गा,” देवाजीची नातवंडे म्हणाली; जुने कोणी उरले नव्हते. मागच्याच गल्लीत विश्वनाथचा एकुलता भाऊ ओट्यावर बसलेला होता. मला तोंड असते तर ओरडलो असतो.

पुढे वर्षभराने माझा फोटो पेपरात आला. तो पाहून सुमती तांब्या घेऊन त्या मंडळींच्या नागपुरातल्या सदर भागातील कार्यालयात पोहोचली. तिने मला तांब्यावर उपडे ठेवले. मी चपखल बसलो.

“मग नाव देवाजीचं काहून?” तिथे काम करणाऱ्या काजलने विचारले.

“आहेरावर देनाऱ्याचंच नाव टाकते ना वं पोरी! घेनारा तं घरचाच असते.”

काजल हळूच म्हणाली, “आजी, खंदकात अजून जवान होते. हाडं कोणाची, ते ठरवायला त्यांच्या रक्ताचं माणूस लागते.”

“भाऊच होता एक. मागच्या दिवाळीले गेला.”

सुमतीने तांब्यातले पाणी माझ्यात ओतले आणि मला हाडांच्या पेटीसमोर ठेवले. ती खूप रडली. मीही आतून फुटलो.

आता मी घरी तांब्यावर बसतो. विश्वनाथ तिकडे पेटीतच आहे, आणि पेटीवर ‘अनोळखी’ लिहिले आहे. मित्रांनो, भांड्यावर देणाऱ्याचे नाव जरूर घाला, पण ज्याच्या ओठांना ते लागणार, त्याचेही घाला. माझ्या विश्वनाथला घरी यायला तेवढेच कमी पडले.