उस्तादांचा डावा पाय

उस्तादांचा डावा पाय झोपेतही जागा असे. माघातल्या सकाळी, जिनिंगमधून उडून आलेले कापसाचे तंतू कोवळ्या उन्हात अधांतरी तरंगत असताना, अंगणातल्या बाजेवर घोंगडी पांघरून ते डुलकी घेत. देह सगळा निश्चल, श्वासही कष्टानं चाललेला. पण घोंगडीबाहेर आलेल्या त्या पायाचा अंगठा मात्र कुठल्याशा अदृश्य लयीवर हलत राही, जणू साठ वर्षांपूर्वी उंच उडालेला एखादा चेंडू अजून जमिनीवर टेकलाच नव्हता आणि तो अंगठा त्याची वाट पाहत होता.

मी त्यांच्या नात्यागोत्यातला नव्हे. आठवीतून शाळा सोडलेला, कोल्हापूरकडचा फिटर. जिनिंगच्या यंत्रांच्या मागोमाग परभणीला आलो. परक्या गावात एकट्या गड्याला खोली कोण देतं? चार दारांचा नकार घेऊन उस्तादांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी ना नाव विचारलं, ना जात. "कोल्हापूर का? मंग फुटबॉल बघितला असशील," एवढंच म्हणाले आणि मागच्या खोलीची कडी काढून दिली. त्या दिवसापासून मी 'कोल्हापूर' झालो. "ए कोल्हापूर, चहा टाक." "कोल्हापूर, आज लय थंडी हाय की रे." माणसाला त्याच्या मुलखाच्या नावानं हाक मारली की घराची आठवण कमी येते का जास्त, हे मला अजून उमगलेलं नाही, पण त्या हाकेचे उपकार मोठे होते, हे मात्र खरं.

उस्तादांचं नाव मल्हारी. बोरीकडच्या मेंढपाळाच्या घरचे. निजामाची राजवट जाऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा अनवाणी हैदराबादेला गेले आणि साठच्या दशकात तिथल्या मैदानांच्या डाव्या कडेवर असे धावले, की लोकांनी ती कडच त्यांच्या नावे केली. पुढं गुडघा थकला, तसे परतून इथल्या संघाचे मॅनेजर झाले, कोच झाले, सगळंच झाले. शिट्टी त्यांनी कधी तोंडाला लावली नाही म्हणतात. जीभ टाळूला लावून मेंढरं वळवायचा तो 'टक्क' आवाज काढला, की अकरा गडी वाऱ्यानं ज्वारीचं पीक वाकावं तसे एका अंगाला वळत. "पुढचं मेंढरू समदेच बघत्यात," ते मला म्हणाले होते, "राखणारानं मागं राह्यलेलं बघायचं."

त्यांचा खेळ मी पाहिला नाही. जो पाहिला तो रविवारी, दोन म्हाताऱ्यांच्या तोंडून. सायकली दुरुस्त करणारे गफूरचाचा आणि बोरीहून एसटीनं येणारे बापूराव, दोघंही उस्तादांचे साठ वर्षांचे चाहते. अंगणात शिरताना त्यांची नजर आधी उस्तादांच्या मुखावर जात नसे. देवळात गेलेला माणूस जसा पायापासून दर्शन घेतो, तशी ती डाव्या पायावर टेके आणि मग सावकाश वर चढे.

"चेंडू असा गेला, असा गेला, अन् हवेतच घारीवाणी वळला," बापूराव हात फिरवत.

"झूट! मी गोलाच्या मागंच हुतो. जमिनीवरून गेला."

"तू कुठला मागं? तू भायेर शेंगा खायलास तवा."

"अरे, शेंगा खाणाऱ्याला डोळे नसतात का, पाटील?"

उस्ताद कुणालाच खरं ठरवत नसत. नुसते हसत, आणि त्या हसण्यात चेंडू हवेतूनही जाई, जमिनीवरूनही जाई.

मग त्याच अंगठ्याला एक खिळा लागला. साखरेच्या दुखण्याला एवढं निमित्त पुरतं. आठ दिवसांत नख काळवंडलं आणि काळिमा अमावस्येसारखा वर सरकू लागला. डॉक्टरनं कापायचं नाव काढलं, तेव्हा उस्तादांनी पाय घोंगडीत ओढून घेतला. "सरणावर माज्यासंगं जाईल ह्यो. आधी न्हाई. शब्द दे, कोल्हापूर."

मी दिला. ज्यानं छप्पर दिलं त्याला आणखी काय द्यायचं होतं माझ्याजवळ?

चौथ्या दिवशी दुपारी तापानं त्यांची शुद्ध हरपली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाय काढला तर माणूस वाचेल. उस्तादांना मूलबाळ नाही, बायको केव्हाच गेलेली. एक पुतण्या, तो मेंढरं घेऊन विदर्भाकडं उतरलेला, फोन लागेना. कागद माझ्यापुढं आला. व्हरांड्यात गफूरचाचा आणि बापूराव भांडत होते, आणि ते भांडण माझ्याच छातीत चाललं होतं.

"तू काल आलेला गडी. तुला काय ठावं ह्यो पाय काय हाय? त्येनी न्हाई म्हणलंय ना?" बापूराव माझ्यावर उसळले.

"पाटील, पाय ठेवून उस्ताद गेला, तर पाय काय भिंतीवर टांगायचा?"

"तसं न्हाई रे गफूर..." आणि बापूराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

कागदावर एक रकाना होता : रुग्णाशी नाते. भाडेकरू लिहावं, तर भाडेकरूला पाय कापायचा काय हक्क? मुलगा लिहावं, तर ते खोटं. शेवटी माझ्या आठवीच्या अक्षरात मी लिहिलं, 'त्यांचा माणूस'. काउंटरवरच्या बाईंनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं, आणि शिक्का मारला.

तो पाय हिरव्या कापडात गुंडाळून आमच्या हाती आला. अपेक्षेपेक्षा हलका होता. एवढ्या आठवणींचं काहीच वजन नव्हतं त्याला. जाळायचा की पुरायचा? "धनी जिता असताना आग द्येत न्हाईत," बापूराव म्हणाले. दिवस मावळता मावळता, जुन्या मैदानाच्या डाव्या कडेला, लिंबाखाली आम्ही काळ्या मातीत खड्डा घेतला. बापूरावांनी मूठ मूठ माती लोटली. गफूरचाचांनी ओंजळ वर करून ओठ हलवले. मग माती दिलेल्या माणसांसारखे तिघंही आपापल्या वाटेनं अंघोळीला गेलो.

तिथंच घात झाला. बापूराव बोरीत पोचले ते घरात न शिरता थेट विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली बसले. बायकोनं विचारलं, कामून? ते एवढंच बोलले, "उस्तादाला माती देऊन आलाव." दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. चेंडूवर डावा पाय ठेवून उभा असलेला एक देखणा तरणा, आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. दुपारपर्यंत तो जिल्हाभर फोनाफोनांतून फिरला. परभणी, पाथरी, जिथं तिथं म्हाताऱ्यांनी आपापला गोल आठवून डोळे पुसले.

उस्ताद शुद्धीवर आले, ते त्या गोंधळात. त्यांनी चादरीची सपाट जागा पाहिली. मग मला पाहिलं, आणि मान भिंतीकडं वळवली. तीन दिवस ती तशीच होती. चौथ्या दिवशी बापूराव रडत, माफी मागत आले, तेव्हा उस्तादांनी फोन मागून घेतला आणि तो फ्लेक्स डोळ्यांजवळ धरून बराच वेळ निरखला.

"लय देखणा हुता गडी," ते म्हणाले. "बरं झालं, येळेवर गेला."

त्यानंतरच्या रविवारी कुणी आलं नाही. पुढच्याही नाही. मला वाटलं, फ्लेक्सच्या चुकीची लाज असेल. गफूरचाचांच्या दुकानी गेलो, तर ते ट्यूबमधली हवा तपासत, पाण्यातले बुडबुडे बघत म्हणाले, "कसं यावं, बेटा? बसलं की नजर तिथंच जाती." त्यांचे उस्ताद त्यांनी स्वतःच्या हातांनी, मूठ मूठ माती देऊन, लिंबाखाली ठेवले होते. घरात राहिलेला हा म्हातारा त्यांच्या ओळखीचा नव्हता.

फाल्गुन सरला. जिनिंग बंद झालं, माझे सोबती गाठोडी बांधून घरी गेले. आई फोनवर विचारते, कधी येतोस? मी म्हणतो, येतो आज-उद्या. परवा दिवे लागायच्या वेळी मी उस्तादांना दुधात भाकर कुस्करून देत होतो, तेव्हा ते दुधाकडं बघत म्हणाले, "शब्द मोडलास."

"व्हय," मी म्हणालो.

"मंग आता माज्याआधी गाव सोडू नको."

ही क्षमा होती की शिक्षा, मी विचारलं नाही. माणूस एकदम जात नाही, एवढंच मला या वर्षानं शिकवलं. आधी लोकांच्या आठवणीतला जातो. त्याला माती देऊन, अंघोळ करून सगळे मोकळे होतात. आणि मग कुणाच्याच आठवणीत नसलेला, नुसता उरलेला माणूस, काळानं न्यायचं विसरल्यासारखा, आपल्या वाट्याचे दिवस एक एक करून जगत राहतो.