निघणाऱ्याची रोटी

अस्करने कवळी तोंडातून काढली आणि चहाच्या पेल्यात टाकली. शाळेचा पहिला दिवस, अंगात नवा कोरा सदरा, आणि स्वारी बोळक्या तोंडाने हटून बसलेली.

"टोचते," तो म्हणाला.

टोचत काही नव्हती. फरगान्याच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा घासून ती नीट बसवून दिली होती. अस्करला जन्मापासून दोनच दात, तेही सुळ्यासारखे, आणि अंगाला घाम म्हणून येत नसे. पोरगं थेट मामावर गेलं होतं. मामाचा जन्म तोंडावर हात धरून हसण्यात गेला. आपल्या पोराच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच तुर्सुनअलीला हवं होतं. स्वतः मर्गिलानमधला नावाजलेला रोटीवाला, आणि घरातला धाकटा रोटी चहात बुडवून चोखणारा.

त्याच्या आईने, मोहिराने, मुलाला गोंजारून पाहिलं, धाक दाखवून पाहिला. पोरगं ढिम्म. त्याची नजर भिंतीवर होती. तिथे थोरल्या भावाची, बख्रोमची रोटी टांगलेली होती. कामासाठी परमुलखात निघताना रिवाजाप्रमाणे त्याने तिचा एक घास तोडला होता. उरलेली तो परत आल्यावर खाणार होता.

"मी पण निघालोय की," अस्कर म्हणाला. "माझी रोटी कुठंय?"

मोहिराला हसू आलं. शाळा कोपऱ्यावर, एवढ्याला कसली आलीय रोटी, असं ती म्हणायला गेली. तुर्सुनअलीने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. तंदूरातली ताजी रोटी काढून त्याने दोन्ही हातांनी पोरापुढे धरली.

"घे. पण दातांनी तोडायची. निघणाऱ्याने बुडवून खाल्लेली चालत नाही."

अस्करने रोटीकडे पाहिलं, मग पेल्याकडे. कवळी धुऊन त्याने आपली आपण बसवली. जाड कडेत दात रोवले, मानेला हिसका दिला, आणि घास तुटला. तुर्सुनअलीला इतका आनंद झाला की हातातली रोटी त्याने चक्क पालथी ठेवली. पालथी रोटी म्हणजे अन्नाचा अपमान; रोटीवाल्याच्या घरात हे आजवर कधी घडलं नव्हतं. मोहिराने ती गुपचूप सुलटी केली आणि भिंतीवर अडकवली.

दुपारी अस्कर पळतच आला. बातमी तोंडात मावत नव्हती.

"बाबा, वर्गात सगळ्यांचे पुढचे दात पडलेत. सगळे बोळके. बाईंनी सफरचंद आणलं होतं, ते मीच पहिलं चावून दाखवलं."

सांगताना तो खदाखदा हसत होता आणि त्याचे दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांना धरलेले होते. तुर्सुनअली बघतच राहिला. मग भानावर येऊन त्याने भिंतीवरची रोटी काढली. परत आलेल्याने ती संपवायची असते.

"राहू दे बाबा," अस्कर म्हणाला. "उद्या पण जायचंय."