मामांचं बोट आणि माझी दोन पानं

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना विद्युतदर्शी आहे. नाव भारदस्त, जीव मात्र बरणीएवढा. काचेचं पोट, तोंडाला रबरी बूच, बुचातून खाली उतरलेला पितळी दांडा, दांड्याच्या डोक्यावर गोळा आणि पोटात सोन्याच्या वर्खाची दोन नाजूक पानं. ती चिकटवताना कारागिराने श्वास रोखून धरला होता. तो शिंकला असता तर मी आज कुणाच्या तरी घरी साखर सांभाळत बसलो असतो.

माझं काम एकच. गोळ्याला विद्युतभार मिळाला की तो दोन्ही पानांत वाटला जातो, आणि सारखा भार मिळाला की ती पानं भांडलेल्या जावांसारखी एकमेकांपासून फटकून राहतात. एक भार धन आणि दुसरा ऋण असेल, तर मात्र त्यांना एकमेकांवाचून करमत नाही. सुरुवातीला मुलं माझ्याभोवती गर्दी करत आणि मीही फुशारून जात असे.

मग मामा आले. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. आधीच्या शिपायाची नोकरी एक भांडं फुटल्यामुळे गेली होती, त्याचा मामांनी धसका घेतलेला. प्रयोग सुरू झाला की मी कलंडू नये म्हणून ते माझा गोळा बोटांनी घट्ट धरून ठेवत. झालं! मला मिळालेला सगळा भार मामांच्या अंगातून थेट जमिनीत. पानं ढिम्म. विज्ञानाच्या बाई बदलल्या, भार देण्यासाठी घासायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या बदलल्या, पण सगळ्यांचे डोळे माझ्या पोटाकडे. डोक्याकडे कोण बघतो? अकरा वर्षं लोक माझ्या नावाने खडे फोडत होते. फार वाईट वाटायचं. शेवटी माझी रवानगी कपाटाच्या तळाशी, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी झाली.

गेल्या हिवाळ्यात मुख्याध्यापकांनी ठरवलं, या खोलीत मोडके बाक ठेवायचे. विज्ञानाच्या नव्या बाई अडून बसल्या.

"एक तरी वस्तू चालती दाखवा, मग बघू," सर म्हणाले.

बाईंनी मला बाहेर काढलं. सर समोर बसले, मामांनी गोळा धरला. बाईंनी पट्टी लोकरीवर घासून मला लावली. काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तरी तेच. बाईंचा चेहरा उतरला. मामांनी तर मला आणखीच घट्ट धरलं.

"बाई, उद्या खोली रिकामी करा," म्हणत सर उठले. बंद खोलीत त्यांना उकडत होतं. त्यांनी नायलॉनचा स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. चटचट आवाज झाला आणि टकलाभोवतीचे चार केस ताठ उभे राहिले. सवयीप्रमाणे त्यांनी स्वेटर मामांपुढे धरला, आणि तो दोन्ही हातांनी घ्यायला मामांनी मला सोडलं.

घासून भारलेला तो स्वेटर घेऊन मामांचे हात माझ्या गोळ्याजवळ आले, आणि माझी पानं फाडकन उघडली.

"मामा, हलू नका," बाई म्हणाल्या.

"मी काही केलं नाही हो बाई."

"आता मागे व्हा." पानं मिटली. "पुढे या." उघडली. बाईंनी गोळ्यावर बोट टेकवलं, तशी मिटली; मामांच्या बोटाचा घोळ सगळ्यांच्या लक्षात आला. सरांनी चष्मा पुसला, स्वेटर मामांकडून काढून घेतला आणि स्वतःच पुढे-मागे करू लागले. तास संपल्याची घंटा त्यांना ऐकूही आली नाही.

"सर, अणूतही हेच बळ असतं," बाई सांगत होत्या. "केंद्रक धन, भोवतीचे इलेक्ट्रॉन ऋण. त्या ओढीनेच अणू बांधलेला राहतो. ती नसती तर हे टेबल, तुम्ही, मी, सगळे कधीच विखुरलो असतो."

"मीसुद्धा?"

"स्वेटरसकट, सर."

खोली वाचली. सर गेल्यावर मामा माझ्याजवळ आले.

"म्हणजे बाई, अकरा वर्षं मीच..."

"मामा," बाई म्हणाल्या, "बाकी सगळं फुटलं. तुम्ही धरून ठेवलंत म्हणून तर हा आख्खा आहे."

तर मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसत जा, ओल्या बुचावरून भार निसटतो. आणि जुन्या वस्तूला मोडीत काढण्याआधी, तिला कुणी घट्ट धरून तर ठेवलेलं नाही ना, एवढं बघा. हल्ली प्रयोग चालू असताना मामा हात पाठीमागे बांधून लांब उभे राहतात. वर्ग रिकामा झाला की जवळ येतात आणि माझ्या डोक्यावर एक बोट अलगद टेकवतात. दिवसभर ताणलेली माझी पानं मग शांत मिटतात.