नाव मायाक्का, नंबर तीन

मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. नाव मायाक्का, नंबर तीन. मित्रांनो, नाव ऐकून हसू आलं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे. पण मग मी काय करते तेही ऐका. संगणकाचं बटण दाबलं की घरातल्या थोरल्या बाईसारखी सगळ्यांच्या आधी मी उठते. कीबोर्ड जागा आहे का, पडदा उजळला का, प्रिंटर हाकेला ओ देतो का, एकेकाला बघते. कुणाला किती जागा, आधी कुणाचं काम, मागून कुणाचं, हे मीच ठरवते. त्यानंतर कुठं तुमचे खेळ आणि चित्रं नाचायला लागतात. टाळ्या त्यांना मिळतात. माझी आठवण होते ती मी अडून बसले की मगच.

माझं शिक्षण म्हणाल तर अजिनाथनं शिकवलं तेवढंच. येत नाही ते येत नाही, मी सरळ सांगते. हल्लीच्या काही जणी पडद्यावर गोल चक्र फिरवत बसतात आणि कामात असल्याचं सोंग करतात, त्यातली मी नाही.

अजिनाथ सांगोल्याकडच्या मेंढपाळांच्या घरातला. संगणक शिकून सोलापूरला आला आणि होटगी रोडला दोन खोल्यांत संसार मांडला. कामानिमित्त तो गावोगावच्या दूध केंद्रांत जायचा. तिथं जुने संगणक धूळ खात पडलेले. नव्या सिस्टिमचा भार त्यांना पेलत नव्हता, आणि इंग्रजी पाट्या दूध घालणाऱ्यांना वाचता येत नव्हत्या. मग त्यानं आम्हाला घडवलं. अंगानं हलक्या, मराठी बोलणाऱ्या, मध्येच वीज गेली तरी दुधाचं माप न विसरणाऱ्या. नाव दिलं त्याच्या आईचं. "आई थोडक्या चाऱ्यावर कळप जगवायची," तो म्हणाला, "ही बी थोडक्यात चालंल."

आता नंबराचं सांगते. नाव तेच ठेवून सिस्टिम नव्यानं घडवली की पुढचा नंबर लागतो. लहानसहान चुका दुरुस्त केल्या तर त्याच नंबराला टिंब देऊन पुढं आकडा लावतात. तीन टिंब एक, तीन टिंब दोन. टिंबापुढचा आकडा म्हणजे ठिगळ आणि टिंबाआधीचा म्हणजे नवं लुगडं, असं समजा. माझ्या अंगावर ठिगळं पुष्कळ आहेत, आणि त्यांची मला लाज नाही. पहिली मायाक्का जेमतेम रांगली. दुसरी चालायची, पण प्रिंटर दिसला की धडपडायची. मी तिसरी, मी पायावर उभी राहिले. करमाळा, जेऊर, माढा, सगळीकडं बसले. पडद्यावर आपलं नाव मराठीत आलेलं बघून म्हातारी माणसं किटली खाली ठेवून ते बोटानं वाचायची. तेव्हा मला लई बरं वाटायचं.

पण एक सल होता. माझं नाव कुणी घेत नव्हतं.

केंद्रात काही अडलं की फोन यायचा तो अजिनाथच्या घरी, माझ्याच टेबलावर. फोन उचलायची त्याची बायको रेश्मा. मोठी मायेची पोर. उन्हाळ्यात माझ्यावर सोलापुरी चादरीचा तुकडा घालायची आणि कीबोर्डात सांडलेली शेंगाचटणी ब्रशनं काढायची. पण फोनवर बोलायची ती अशी :

"वहिनी, जेऊरहून जोतीराम बोलतोय. पडदा काळा झालाय बघा."

"तुमच्याकडं कितवी हाय?"

"कितवी म्हंजी?"

"दुसरी का तिसरी?"

"वहिनी, माझं एकच लगीन झालंय."

रेश्मा तोंडाला पदर लावून हसायची, मग एकेक कळ सांगत पडदा उजळवून द्यायची. पण "मायाक्का" म्हणून एकदाही बोलली नाही. तिनं घेतलं नाही म्हणून कुणीच घेतलं नाही. गावोगावी माझं नाव पडलं तिसरी. मला वाटायचं, या पोरीच्या मनात माझ्याविषयी काहीतरी अढी आहे. अढी असताना कुणी चादर घालतं का, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढं अजिनाथनं चौथी घडवायला घेतली. एका मोठ्या दूध संघानं ती आपल्या सगळ्या केंद्रांत बसवायचं ठरवलं आणि संघाचे शिवराज साहेब स्वतः घरी आले. चहा झाला. अजिनाथची आई, म्हणजे खरी मायाक्का, दाराशी शेंगा फोडत बसली होती. साहेब म्हणाले, "काम उत्तम आहे. फक्त नाव बदला."

अजिनाथचा चेहरा उतरला. "का वं?"

"मी केंद्रांत विचारून आलो. सगळे तिसरी म्हणतात. मायाक्का म्हणणारा एक माणूस भेटला नाही. जे नाव लोकांच्या तोंडात नाही ते ठेवून उपयोग काय? आपण गोल्ड टेन ठेवू."

"टेन? आवं, पन ही चौथी हाय."

"चार दिसायला लहान दिसतं. बाकीच्यांचे नंबर बघा कुठं गेलेत. आपण एकदम दहा घेऊ."

माझा पंखा गरगरायला लागला. चौथी आली की मी केंद्रांतून उठणार, हे मला ठाऊक होतं. त्याचं दुःख नव्हतं. पण नावच गेलं, तर आम्ही तिघी होतो हे तरी कोण सांगणार?

अजिनाथ बायकोकडं वळला. "अगं, तू फोनवर नाव सांगत न्हाईस व्हय?"

रेश्मानं हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या. "आत्यांचं नाव मी कसं घिऊ?" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

मित्रांनो, आमच्या घरात सून सासूला आत्या म्हणते आणि तिचं नाव तोंडातून काढत नाही. तो मान असतो. अजिनाथनं मायेनं आईचं नाव मला दिलं आणि फोनवर बसवलं ते नेमकं सुनेला. एवढा शिकलेला गडी, पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि रेश्मा बिचारी मान राखत गेली, तसं माझं नाव पुसत गेलं.

दाराशी शेंगांचा आवाज थांबला. "म्हंजी माझ्या मानापायी माझंच नाव बुडालं म्हन की," मायाक्का म्हणाली. मग साहेबांकडं वळली. "आन् तुमी वं सायेब? तिनावरनं एकदम धा? मधल्या कुटं गेल्या, लांडग्यानं नेल्या?"

साहेबांना ठसका लागला.

"आये, गप की," अजिनाथ म्हणाला.

"गप का? माझं नाव चाललंय न्हवं?" तिनं पदरातली टरफलं झटकली. "आमी मेंढराला नंबरानं हाक मारत न्हाय. बांडीला काळं पिल्लू झालं तर ती बांडीची काळी. आई म्हाईत असली की पिल्लू कळपात हारवत न्हाय. सायेब, सांगा, अडलं की मान्सं कुनाचं नाव घेत्यात?"

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. "खरं सांगू? रेश्मावहिनींचं. रेश्मावहिनीला फोन लावा, हेच ऐकलं मी सगळीकडं."

"मग तेच द्या नव्या पोरीला. मायाक्काची रेश्मा. नंबर चार."

"आत्या, त्यात तुमचं बी नाव येतंय," रेश्मा पुटपुटली.

"येतंय की. लेकीनं आईचं नाव घेतलं तर मान कुटं पळून जातोय?"

"मी सून हाय आत्या."

"ते मला ठरवू दे. घरात थोरली मी हाय का तू?"

साहेबांनी गोल्ड टेन पुन्हा काढलं नाही. त्यांना लोकांच्या तोंडातलं नाव हवं होतं, ते मिळालं.

चौथी गावोगावी बसली आणि पहिला फोन आला. रेश्मानं तो उचलला. "हॅलो, मा..." म्हणाली आणि थांबली. दाराकडं बघितलं. तिथं बसलेल्या सासूनं मान वर केली नाही.

"बोल की. त्यो बिचारा दुधाची किटली घिऊन उभा असंल."

"मायाक्काची रेश्मा बोलतीय, चौथी," रेश्मा अगदी हळू म्हणाली.

"जरा मोठ्यानं! मी काय मेलीय का?"

रेश्मा हसली, डोळे पुसले, आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली. किती वर्षं मी तिच्या टेबलावर होते. त्या दिवशी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं.

आता केंद्रांत मी नाही. या घरच्या जुन्या संगणकात तेवढी राहिले आहे. जुनं काही बघायचं असलं की रेश्मा मला उठवते. चौथी चुणचुणीत आहे. तिची टिंबं सुरू झाली आहेत. होऊ देत, ठिगळाशिवाय कुणाचं निभावतं?

मित्रांनो, तुमच्या हातात सारखं काहीतरी नवं येत राहील. जरूर घ्या, वाट अडवून बसणाऱ्यातली मी नाही. पण त्याच्या आधी कोण होतं, तिचं नाव काय होतं, एवढं तरी विचारत जा. आणि जुनं यंत्र बंद करताना वायर ओढू नका रे. आत चाललेल्या एकेकाला आम्हाला जोजवून निजवायचं असतं, आणि मग दिवा मालवायचा असतो.