उभ्या झोपेला पट्टी नाही

एक बाई खोकते. मग सगळे हसतात.

अंथुर्ण्याच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला नव्या बाई आल्या आहेत.

कॅसेटच्या कव्हरवर राजाची पगडी निळी छापली आहे आणि राणीच्या नाकात नथ आहे. वगात नथ कुठेच नाही.

काविळीला उसाचा रस चालतो, असं सगळे सांगतात. जे सांगत नाहीत ते आणून देतात.

मंगळवारपर्यंत, पाचशे शब्द.

*

पाचशे शब्द इंद्रजितला हवे होते. इंद्रजित बारामतीत साप्ताहिक काढतो. ऊस घरचा, जीप घरची, छापखाना तेवढा भाड्याचा. संघपाल इंदापूरच्या कॉलेजात मराठी शिकवतो आणि त्या साप्ताहिकात नव्या कॅसेटवर परीक्षण लिहितो. या वेळची कॅसेट ‘झोपेचा लिलाव’. जुना विनोदी वग, पुण्याच्या स्टुडिओत नव्याने रेकॉर्ड केलेला. राणीच्या कामात दिशा. दिशा म्हणजे संघपालची बायको. ती जानेवारीत काविळीने गेली. आता जून, साल शहाण्णव.

“दुसऱ्या कुणाला तरी सांग,” संघपाल फोनवर म्हणाला होता.

“कुणाला सांगू? बाकीच्यांना वग म्हटलं की नुसता नाच आठवतोय. सर, तुमी पाडला तरी चालंल, पण तुमीच लिवा.”

“पाडायचा प्रश्न नाही.”

“मग झालं की. आन कॅसेट फुकट.”

संघपालला काही वाटलं नाही. जानेवारीपासून त्याला काही वाटत नव्हतं. दाढी करताना कापलं, तर आरशात रक्त दिसल्यावर कळायचं. परीक्षण करायला हे बरंच आहे, असं त्याने धरलं आणि कागद घेतला.

*

मसुदा.

राजाला झोप येत नाही. म्हणून तो रयतेवर झोपेची पट्टी बसवतो. गाव जागं राहतं, राजाही जागाच राहतो. झोपतो फक्त दारावरचा हुजऱ्या, कारण तो उभा झोपतो आणि फर्मानात आडव्या झोपेचंच नाव आहे. राणी त्याला पकडते. त्या दोघांचा सवाल-जवाब हा या वगाचा जीव आहे. निरवांगीच्या फडाने हा वग एके काळी गावोगाव केला. छप्पन्न साली धम्म घेतल्यावर त्या घरांनी फड मोडला. ढोलकी गेली, वग तोंडात राहिला.

स्टुडिओत ढोलकी छान उमटली आहे. तुणतुणं फार जवळ आहे, कानात माशी शिरावी तसं. मागे सूर धरणारे झीलकरी दोनच असून यंत्राने त्यांचे चार केले आहेत. चौघं एकदमच श्वास घेतात. हशा एकदा रेकॉर्ड करून जागोजाग चिकटवला आहे, त्यामुळे प्रत्येक हशाच्या आधी तीच बाई खोकते. हसण्याआधीच प्रेक्षक आजारी आहेत.

राणीच्या कामाबद्दल

*

इथे पेन थांबलं. ते दुःखाने थांबलं नव्हतं. काय लिहायचं ते त्याला माहीत होतं, म्हणून थांबलं होतं.

पहिल्या बाजूवरची राणी सुरात आहे, शब्द स्वच्छ आहेत, आणि ती हसवत नाही. ती हुजऱ्याला सवाल टाकते तो पाढा विचारल्यासारखा. दिशा अंथुर्ण्याला शिक्षिका होती. दुसऱ्या बाजूवरची राणी लबाड आहे. ती सवालाचा शेवटचा शब्द अडवून धरते आणि हुजऱ्याला तोंडघशी पाडते.

दुसऱ्या बाजूवर दिशा नाही.

दिवाळीच्या सुटीत ती पुण्याला जाऊन आली, तेव्हा तिला आणायला संघपाल गेला होता. बस सुटल्यावर ती म्हणाली, “एकच बाजू झाली. दुसरीला परत बोलावलंय. आणि तो पेटीवाला विचारत होता, बाई, डोळे पिवळे का दिसतात?” परत जाणं झालं नाही. स्टुडिओने नंतर दुसरी कोणी गायिका आणली असणार. कव्हरवर राणीपुढे एकच नाव आहे.

हे घरात कोणाला सांगायचं राहून गेलं. कॅसेटविषयी तेव्हा कोणी बोलतच नव्हतं.

*

रविवारी दुपारी तो टेपरेकॉर्डर घेऊन निरवांगीला गेला. सासरे, भानुदास मामा, तरुणपणी त्या फडात हुजऱ्या व्हायचे. दिशाला वग त्यांनीच शिकवला होता. त्यांना न ऐकवता लिहिणं बरं दिसलं नसतं.

“या सर. पोरं हसत्यात का वर्गात?” मामा नेहमी हेच विचारतात.

“हसतात. मी फळ्याकडं तोंड केलं की.”

“मग धंदा चालू हाय.”

सासूबाई, चतुराबाई, दारातूनच म्हणाल्या, “जेवला का?”

“जेवून आलोय.”

“कुठं जेवला? गळ्याची हाडं मोजून घ्या.”

लाइट नव्हती. त्याने सेल घातले आणि पहिली बाजू लावली. दिशाचा आवाज अंगणात आला. चतुराबाई शेंगा फोडत होत्या, फोडत राहिल्या. मामा हुजऱ्यावर नाराज होते.

“ह्यो झोपल्याचं सोंग करतोय. हुजऱ्या खरा झोपला पायजे, तवा माणूस हसतंय. आन ही सारखी कोण खोकती?”

“एकच आहे ती. तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावलाय.”

“दवाखान्यात न्या म्हणावं तिला.”

टेप चालू होता, तोच बोलत होता.

संघपालने कॅसेट उलटी केली तशा चतुराबाई सुपातल्या शेंगा तशाच ठेवून उठल्या.

“ही बाजू तुमी ऐका. मी शेरडाला पाणी दावती.”

सवाल-जवाब सुरू झाला.

*दाराच्या राख्या, डोळा मिटला, पट्टी कुठं भरली?*

*आडवी झोप सरकारजमा, उभी माझी उरली!*

*उभ्या झाडाला फळं लागती, उभ्या झोपंला…*

इथे राणी थांबली. ढोलकीसुद्धा थांबली. किती थांबावं याचा काही नियम नसतो, पण ती बरोबर तेवढीच थांबली.

*…काय?*

*सपान लागतंय बाईसाहेब, खाली पडत न्हाय!*

मामांनी मांडीवर थाप मारली. “हितं! हितं घेतलं बघा पोरीनं!” आणि ते हसले. पुढचे दात नसलेलं तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या घरात जानेवारीपासून कोणी हसलं नव्हतं. संघपाल त्यांच्याकडे बघत राहिला, जसं रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बघावं.

“ऐकलं का?”

“ऐकलं.”

“पेपरात काय लिवणार?”

“जे आहे ते.”

“कव्हरावर जे हाय ते लिवा,” मामा म्हणाले. “तिचं नाव घालून लिवा. दुसरी बाजू तिनं घेतली म्हणून लिवा. माज्यासाठी न्हाय. ह्या गावात पोरगी मास्तरीण म्हणून गेली. फडाच्या घरची होती, त्ये कुणी म्हणलंच न्हाय.”

“आपण फड सोडला ना मामा? चांगलंच केलं.”

“चांगलंच केलं. आमी काय परत नाचतो म्हणतोय व्हय? लिवा म्हणतोय.”

*

सोमवारी त्याच्यासमोर दोन वाक्यं होती.

‘दुसऱ्या बाजूवर राणीचा आवाज बदलतो, कव्हरवर नाव नसलेली ही गायिका पहिलीपेक्षा सरस आहे.’

‘दुसऱ्या बाजूवर दिशा यांचा आवाज खुलला असून त्यांनी आपल्या घराण्याचा हा सवाल जिंकला आहे.’

पहिलं वाक्य खरं होतं. ते छापलं, तर मामांना हसू आलं ती जागा त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होणार. दुसरं छापलं, तर कुठेतरी एक मुलगी ते वाचेल आणि आपण कसं गायलो हे दुसरीच्या नावाखाली वाचेल. तिचा चेहरा डोळ्यांसमोर येईना. दिशाचाही येईना. दोन्ही वाक्यं त्याने एकदा मोठ्याने वाचली. एकाही वाक्याला आवाज चढला नाही.

त्याने दुसरं वाक्य ठेवलं. ‘घराण्याचा’ हा शब्द खोडला, ‘फडाचा’ असा केला. पाकीट बंद केलं, स्टँडवर जाऊन बारामतीच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलं आणि उरलेल्या वेळात पेपर तपासले.

*

“वहिनींनी दुसऱ्या बाजूला कमाल केली राव,” इंद्रजितचा फोन आला. “पहिलीवर जरा दबकत हुत्या, न्हाय?”

“हो.”

“त्ये नाय लिवलं तुमी.”

“शब्द पाचशेच होते.”

*

अंक निघाल्यावर संघपाल निरवांगीला गेला. मामांनी परीक्षण वाचायला लावलं. मग परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त ते एक वाक्य मागितलं. चतुराबाई भाकरी थापत होत्या.

“लई झालं आता,” त्या म्हणाल्या. “सरांना जेवू द्या.”

मामांनी अंकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. दुसऱ्या गायिकेबद्दल संघपाल बोलला नाही. मामाही बोलले नाहीत. ताटात पिठलं आलं, ते त्याने संपवलं.

*

दिशा गेल्यानंतरच्या मार्चमध्ये भानुदास मामा पुण्याला जाऊन राहिले होते आणि स्टुडिओत बसून रेश्मा नावाच्या मुलीला त्यांनी दुसऱ्या बाजूवरचा सवाल ओळीओळीने शिकवला होता.